डॉलरचा चेक गावच्या बँकेत टाकण्याआधी

कापसाच्या चुकाऱ्याचा चेक स्लिप भरून पेटीत टाकला की काम झालं. लेकीनं अमेरिकेहून पाठवलेला डॉलरचा चेक चुकूनही पेटीत टाकू नका. तो आपल्या क्लिअरिंगमध्ये, म्हणजे देशातल्या बँकांच्या आपसातल्या चेक वटवण्यात, बसतच नाही. तो 'कलेक्शन'ला जातो: गावच्या शाखेतून परकीय चलनाचं काम बघणाऱ्या फॉरेक्स शाखेकडे, तिथून परदेशी बँकेकडे. तिकडे वसूल झाला की इकडे रुपये. कित्येक आठवडे जातात, त्यामुळे पेरणीचा खर्च या भरवशावर धरू नये.

पतसंस्थेत तर हे होतच नाही. काही मोठ्या बँकाही आता असे चेक घेत नाहीत. पण काउंटरवरचे बाबू "आमच्याकडे होत नाही" म्हणाले म्हणून लगेच परत फिरू नका, फॉरेक्स शाखेला फोन करून विचारायला लावा. अनेकदा त्यांनी असा चेक कधी पाहिलेलाच नसतो.

घोळ बहुतेक वेळा नावात होतो. पासबुकात नाव, वडिलांचं नाव, आडनाव; चेकवर नुसतं नाव-आडनाव. चेक लिहिण्याआधीच पाठवणाऱ्याला पासबुकाचा फोटो पाठवा. तारीखही नीट वाचा: अमेरिकेत महिना आधी लिहितात, ०५/०६ म्हणजे ६ मे. मागच्या बाजूला सही, सोबत पॅन आणि पैसे कशासाठी आले ते लिहून द्या. दोन्ही बाजूंची झेरॉक्स ठेवा, शिक्क्याची पोच घ्या.

जनधन खातं पुरेशा कागदपत्रांशिवाय 'स्मॉल अकाउंट' म्हणून उघडलेलं असेल, तर पूर्ण केवायसी झाल्याशिवाय त्यात परदेशातला पैसा जमा होत नाही. हे आधी उरका.

आता खरी गोम. काही बँका वसुली पक्की होण्याआधीच रक्कम जमा दाखवतात. मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नाही. चेक परतला तर रक्कम उलटी वळती होते, त्या दिवशीच्या दरानं, वर परतीचा खर्च. सही खोटी निघाली तर बऱ्याच महिन्यांनीही मागणी येऊ शकते. अनोळखी माणूस जास्तीचा चेक पाठवून "उरलेले परत करा" म्हणत असेल, तर तो लुबाडायलाच बसलाय.

खर्च मोजा: बँकेचं कमिशन, कुरिअर, परदेशी बँकेची कपात, शिवाय चलन बदलण्यावर किमान ४५ रुपये जीएसटी. पन्नास डॉलरच्या चेकमागे धावण्यात काही अर्थ नाही. आणि दर लागतो तो जमा होण्याच्या दिवसाचा, चेक दिल्याच्या दिवसाचा नव्हे.

गावातल्या संस्थेच्या नावानं परदेशी देणगीचा चेक आला असेल तर तो कुठल्याही खात्यात टाकू नका. त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

माझं मत विचाराल तर चेक नकोच, सरळ खात्यावर पाठवायला सांगा. त्यासाठी नुसता आयएफएससी पुरत नाही, स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे पाठवताना बँक ओळखायचा कोड) लागतो, आणि गावच्या शाखेला तो बहुधा नसतो. बँकेच्या फॉरेक्स शाखेचा कोड, तुमचा खाते क्रमांक आणि पासबुकातलं पूर्ण नाव मॅनेजरकडून कागदावर लिहून घ्या, त्याचाच फोटो लेकीला पाठवा. हातातला चेक तिनं तिकडे रद्द केल्याचं कळवल्यावरच फाडा.