आटलेलं दूध परत येतं: सगळीकडे फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

नव्या आयांच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: अंगावरचं दूध एकदा आटलं की दोन आठवड्यांत ग्रंथी मरतात, मग ते परत येत नाही. रिकाम्या छातीला बाळ लावण्यात काही अर्थ नाही. तरीही प्रयत्न करायचाच असेल तर वरचं दूध बंद करा, भूक लागली की बाळ आपोआप ओढेल. नाहीतर गोळ्या घ्या, तीन दिवसांत पान्हा फुटेल. आणि एवढं करून बाळाचं पोट पूर्ण भरेल इतकं दूध आलं नाही, तर सगळी मेहनत वाया.

यातलं एकही विधान पूर्णपणे टिकत नाही. त्यातलं एक तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तेच घेऊ.

"वरचं दूध बंद करा, भूक लागली की ओढेल"

भुकेलं बाळ जास्त जोराने चोखतं ही समजूतच चुकीची आहे. ते आधी रडतं, मग थकतं, मग झोपून जातं. घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झालं. प्रत्यक्षात ते ताकद वाचवत असतं. अशा बाळाला अंगावर घेतलं की ते दोन-चारदा ओढतं आणि सोडून देतं. ज्या कामासाठी त्याला उपाशी ठेवलं, नेमकं तेच काम त्याच्याच्याने होत नाही. पोट अर्धवट भरलेलं, जागं आणि शांत बाळ रिकाम्या स्तनावर जास्त वेळ टिकतं.

याच सल्ल्याचा दुसरा अवतार म्हणजे फॉर्म्युला पातळ करून देणं, म्हणजे बाळ "थोडं भुकेलं" राहील. हे कधीही करू नका. जास्तीच्या पाण्याने बाळाच्या रक्तातलं सोडियम घसरतं आणि झटके येऊ शकतात. डब्यावर पावडर आणि पाण्याचं जे प्रमाण छापलेलं आहे, त्यात चमचाभरही बदल नको.

पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी पहिल्या सहा महिन्यांचा ढोबळ हिशेब असा: वजनाच्या दर किलोमागे 24 तासांत 150 मिली. चार किलोच्या बाळाला 600 मिली, आठ वेळा विभागून दर वेळी 75 मिली. कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळाचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. अंगावरचं दूध सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत यातून काहीही कमी करायचं नाही.

खात्री झाली की पूर्ण दिवसाच्या बेरजेतून फक्त 50 मिली कमी करा, दर वेळच्या दुधातून नव्हे. काही दिवस तिथेच थांबा. बाळ 24 तासांत किमान सहा वेळा फिक्या रंगाची शू करतंय आणि आठवड्याला किमान 125 ग्रॅम वाढतंय, तरच आणखी 50 मिली कमी करा. वाढ अडली किंवा बाळ सतत भुकेलं वाटलं तर मागच्या प्रमाणावर परत या. शू गडद पिवळी झाली, टाळू खोल गेली किंवा बाळ दुधासाठी उठवूनही उठत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

"दोन आठवड्यांत ग्रंथी मरतात"

हे अर्धसत्य आहे, म्हणूनच ते पटतं. दूध काढणं थांबलं की साठलेल्या दुधाचा दाब आणि दुधातलेच काही घटक ग्रंथींना "आता पुरे" असा इशारा देतात. पहिले काही दिवस ही प्रक्रिया सहज उलटवता येते. त्यानंतर दूध बनवणाऱ्या बऱ्याच पेशी खरोखरच नष्ट होतात आणि त्यांची जागा चरबी घेते. इथपर्यंत मजकूर बरोबर. पण दूधनलिका जागेवरच राहतात, नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशीही राहतात. निपलला पुन्हा वारंवार उत्तेजन मिळालं की प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, वाढतं आणि दूध बनवणारी ऊती नव्याने भरते. दत्तक बाळाला अंगावर पाजणाऱ्या, कधीच गरोदर न राहिलेल्या स्त्रियांनाही दूध येऊ शकतं. मग ज्या स्तनांनी काही आठवड्यांपूर्वी दूध बनवलं, ते कायमचे संपले असं कसं म्हणणार? जागतिक आरोग्य संघटनेने 1998 मध्येच दूध पुन्हा सुरू करण्याविषयी, म्हणजे रीलॅक्टेशनविषयी, सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे.

मधला काळ महत्त्वाचा आहे, हे मात्र खरं. दूध थांबून थोडेच दिवस झाले असतील आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर काम सोपं. बाळ सहा महिन्यांपुढचं असेल आणि बाटलीला सरावलं असेल, तर अवघड. ही अडचण बहुतेक वेळा स्तनापेक्षा बाळाच्या सवयीची असते.

दूध बंद करण्यासाठी कॅबरगोलिनची गोळी घेतली असेल तर तिचा असर दोन-तीन आठवडे टिकू शकतो. त्या काळात प्रतिसाद मंद असतो, पण दार कायमचं बंद होत नाही. पाळी सुरू झाली म्हणूनही प्रयत्न सोडायचं कारण नाही.

खरे अडथळे वेगळे आहेत आणि ते सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवेत: गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाने पिट्युटरी ग्रंथीला बसलेला फटका, थायरॉइडचा त्रास, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिनसुद्धा दूध कमी करतं. गरोदरपणात स्तनांमध्ये जवळजवळ काहीच बदल झाला नसेल, तर तेही सांगा.

"रिकाम्या छातीला बाळ लावण्यात अर्थ नाही"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, कारण ते उपायालाच निरुपयोगी ठरवतं. स्तन म्हणजे आधी भरायची आणि मग उघडायची टाकी नव्हे. आधी मागणी, मग दूध, हा क्रम आहे. रिकाम्या स्तनावरचं चोखणं हीच ती मागणी.

ती किती हवी? 24 तासांत 8 ते 12 वेळा, एकूण किमान 100 मिनिटं. त्यातली निदान एक वेळ रात्रीची, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. दिवसा चारदा अर्धा-अर्धा तास लावून बेरीज शंभरच्या पुढे गेली, तरी मधली मोठी पोकळी नडते. वेळ थोडा, पण खेपा जास्त, हे जास्त उपयोगाचं.

बाळ रिकाम्या स्तनावर चिडतं, ही अडचण खरी आहे. त्यावर साधा उपाय आहे: त्याला स्तनावरच वरचं दूध मिळू द्यायचं. 5 किंवा 6 नंबरची बारीक फीडिंग ट्यूब घ्या. तिचं एक टोक दुधाच्या कपात पूर्ण बुडलेलं हवं, नाहीतर बाळ हवा ओढतं. दुसरं टोक निपलच्या टोकाशी किंवा किंचित पुढे येईल असं ठेवा आणि नळी स्तनावर छोट्या चिकटपट्टीने बसवा. नळी वरच्या ओठाच्या मध्यावरून किंवा तोंडाच्या कोपऱ्यातून आत जाते. आता बाळाने निपलच नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला की स्तन आणि नळी दोन्ही एकदम चोखली जातात.

सगळी मेख कपाच्या उंचीत आहे. कप निपलच्या वर गेला की दूध आपोआप वाहतं. बाळ नुसतं गिळत राहतं, चोखत नाही, पाच मिनिटांत कप रिकामा होतो आणि स्तनाला काहीच संदेश जात नाही. म्हणून सुरुवात दुधाची पातळी निपलच्या बरोबरीला ठेवून करा. बाळ फारच हताश झालं तर कप थोडा उचला, लय सापडली की खाली आणा. जमल्यास दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास चोखलं जाईल असा वेग ठेवायचा. बाळ ओठांचा चंबू करून स्ट्रॉसारखी फक्त नळी ओढायला लागलं, तर पकड उथळ झाली आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा नीट लावा. मध्येच दूध थांबलं तर बहुधा पावडरची गुठळी अडकलेली असते. पाजून झालं की लगेच सिरिंजने नळीतून पाणी सोडा, मग गरम साबणाचं पाणी, मग पुन्हा स्वच्छ पाणी. आत पांढुरका थर दिसला किंवा नळी कडक झाली तर ती टाकून द्या.

बाळ स्तन तोंडातच घेत नसेल तर नळीची घाई करू नका. आधी उघड्या अंगावर नुसतं निजू द्या, दिवसातून अनेकदा. अर्धवट झोपेत असताना लावून पाहा. चमच्याने किंवा ड्रॉपरने निपलच्या वरच्या बाजूला दूध सोडा, ते ओघळून निपलवरून त्याच्या तोंडात जाऊ द्या. या दिवसांत बाटलीऐवजी कप किंवा वाटी-चमचा वापरा. रडून लाल झालेल्या बाळाचं डोकं दाबून स्तनाला लावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्यानंतर ते स्तन समोर दिसला तरी पाठ ताठ करतं.

बाळ चोखतच नसेल तोवर पंप. दोन्ही बाजूंना एकदम, दर वेळी 15 मिनिटं, दिवसाला किमान आठदा. पहिले काही दिवस बाटलीत काहीच दिसणार नाही. ते अपेक्षित आहे, त्यावरून निकाल लावू नका. फ्लँजच्या, म्हणजे पंपाच्या स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याच्या, नळीत निपल मोकळं हलायला हवं. भोवतीचा काळा भाग आत खेचला जात असेल तर माप मोठं आहे, निपल कडेला घासत असेल तर लहान. ओढ जास्तीत जास्त ठेवल्याने दूध जास्त येत नाही. दुखलं की पान्हा अडतो. पंपानंतर दोन-तीन मिनिटं हाताने काढा: अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला समोरासमोर, आधी छातीच्या दिशेने मागे दाब, मग बोटं एकमेकांकडे, मग सैल. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत.

आधी स्तन जड आणि हुळहुळे वाटू लागतात, मग थेंब दिसतात. पुढे बाळाच्या गिळण्याचा आवाज येतो, शी मऊ होते, कपात दूध उरू लागतं. पहिला थेंब कुणाला आठवड्याभरात दिसतो, कुणाला महिना लागतो. सुरुवातीचं दूध चवीला खारट लागू शकतं, कारण दूध आटताना त्यातलं सोडियम वाढतं. ते "नासलेलं" नसतं, ओतून टाकू नका. काढत राहिलं की चव बदलते.

"गोळ्यांनी तीन दिवसांत पान्हा"

डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड या मळमळीवरच्या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढतं, हे खरं. पण दूध काढलं जात नसेल तर वाढलेलं प्रोलॅक्टिन एकटं काही करू शकत नाही. शिवाय ही औषधं निरुपद्रवी नाहीत. डॉम्पेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2004 मध्ये दूध वाढवण्यासाठी ते वापरण्याविरुद्ध इशारा दिला. बुरशीवरचं फ्लुकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सोबत घेतलं तर हा धोका वाढतो. मेटोक्लोप्रमाइडमुळे उदासीनता येऊ शकते, आणि बाळंतपणानंतरच्या नाजूक महिन्यांत ही बाब कुणीही हलक्यात घेऊ नये. मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून यातली एकही गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी इतिहास विचारून दिली तर घ्या आणि बंद करतानाही त्यांनाच विचारा. दूध वाढवणाऱ्या पावडरींबद्दल एवढंच: दिवसाच्या 100 मिनिटांच्या चोखण्याची जागा त्या घेत नाहीत.

"पूर्ण आलं नाही तर वाया"

दिवसाला 100 मिली आलं तर बाळाला 100 मिली मिळालं, त्यातल्या प्रतिपिंडांसकट. चार-सहा आठवडे नीट प्रयत्न केल्यावर प्रमाण एका जागी थांबलं, तर वरचं दूध कमी करणंही तिथेच थांबवा आणि दोन्ही चालू ठेवा. अंगावर किती गेलं ते बघायचं असेल तर त्याच कपड्यांत, नॅपी न बदलता, पाजण्याआधी आणि नंतर वजन करा. त्यासाठी दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा लागतो. दहा-दहा ग्रॅमने उडी मारणारा काटा वापरला, तर 5 मिली पिऊन झालेल्या बाळाने काहीच प्यायलं नाही असं वाटून आई उगाच खचते.

शेवटी मजकुरात नसलेली, पण त्याच गटांत विचारली जाणारी एक गोष्ट: अंगावर पुन्हा पाजायला लागलं म्हणून दिवस राहणार नाहीत, यावर विसंबू नका. तो भरवसा फक्त पहिल्या सहा महिन्यांत, पाळी परतलेली नसताना आणि बाळ पूर्णपणे अंगावर असतानाच धरता येतो. वरचं दूध चालू असेल किंवा पाळी आली असेल तर गर्भनिरोधक हवंच, आणि ते इस्ट्रोजेन नसलेलं निवडायला डॉक्टरांना सांगा.