फ्लेक्स, चढे व्याज आणि पतसंस्था : एका संदेशाचा प्रतिवाद

सांगली जिल्ह्यातील पतसंस्थांच्या संचालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. मोठ्या बँकांच्या जाहिरातींपुढे आपला टिकाव लागणार नाही, तेव्हा चौकाचौकांत फ्लेक्स लावा, पिग्मी, म्हणजे एजंटाने रोज फिरून छोटी बचत गोळा करणे, बंद करून अ‍ॅप आणा आणि इतरांपेक्षा जास्त व्याज जाहीर करा, असा त्याचा आशय आहे. तासगाव तालुक्यातील एका लहान पतसंस्थेचा संचालक या नात्याने मला हे तिन्ही सल्ले चुकीचे वाटतात, आणि तिसरा तर घातक.

फ्लेक्स पाहून कोणी ठेव ठेवत नाही. आमच्याकडे पैसा हंगामाने येतो. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत द्यावी, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बेदाण्याचा पैसा सौदे झाल्यावर हाती येतो आणि द्राक्षबागायतदाराला खरी निकड ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर भासते. त्या त्या वेळी ठेवीचा किंवा कर्जाचा अर्ज घेऊन बांधावर जाणाऱ्या कर्मचाऱ्याला लागते ते फक्त पेट्रोल. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेनेही रोजंदारी बुडवून शाखेत येणे न परवडणाऱ्या बायकांच्या दारी जाऊनच आपला पाया घातला.

पिग्मीबद्दल थोडक्यात सांगतो. मंडईत वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता एक आजी कमरेच्या पिशवीतून पन्नासची नोट काढून आमच्या एजंटाच्या हातावर ठेवतात आणि पावती निघेपर्यंत नातवाच्या शिक्षणासाठी कर्ज मिळेल का, ते विचारून घेतात. हा प्रश्न अ‍ॅपकडे पोहोचला नसता. भरणा होताच खातेदाराला एसएमएस मात्र गेलाच पाहिजे, कारण त्यात खातेदार आणि एजंट दोघांचेही हित आहे.

आता व्याज. ठेवीवर चढा दर देणारी संस्था तो कर्जदाराकडूनच वसूल करणार, आणि इतके महाग कर्ज बहुधा तोच उचलतो, ज्याला इतरांनी दारातून परत पाठवले आहे. थकबाकीची सुरुवात तिथेच होते. शिवाय सहकारी बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे, तर पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ही गोष्ट झाकून केवळ दर मिरवणे म्हणजे ठेवीदाराला अंधारात ठेवणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वार्षिक सभेसाठी अहवाल छापावाच लागतो. त्यातील थकबाकी, राखीव निधी आणि ऑडिट वर्ग (लेखापरीक्षणात मिळालेली श्रेणी) एका कागदावर ठळक अक्षरांत उतरवून तो रोखपालाच्या खिडकीशेजारी लावावा. आमच्या काही सहकाऱ्यांना थकबाकीचा आकडा उघड करण्याची धास्ती होती. तरीही गेल्या वर्षी आम्ही तो लावला. त्याच आठवड्यात एका निवृत्त गुरुजींनी चष्मा पुसून तो कागद उभ्यानेच दोनदा वाचला, थकबाकी कशी कमी केली, हे व्यवस्थापकांकडून समजून घेतले आणि जाताना वार्षिक सभेची तारीख लिहून घेतली.