चवथीतलं घुमट

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या रात्री गोव्यातल्या आमच्या वाड्यावर आरतीला घुमट हे मडक्याचं वाद्य वाजवणाराच आला नाही. ताप भरला होता. शामेळाचा ढोल होता, कासाळ्यांच्या झांजा होत्या, पण घुमटाविना आरती म्हणजे तिरफळाविना खतखतं. शेवटी शेजारच्या किरिस्तांव (ख्रिस्ती) घरातला मुलगा आला. तो कॉलेजच्या मांडो-दुलपदाच्या, म्हणजे किरिस्तांवांच्या कोकणी गाण्यांच्या, गटात घुमट वाजवतो. आरतीचा एक शब्द त्याला येत नव्हता. पहिल्या दोन आरत्यांत चाचपडला, तिसरीला असा ठेका धरला की एरवी संस्कृतीवर तासभर बोलणारे आमचे बाबा गुपचूप टाळ्या वाजवत बसले.

त्यात नवल काही नाही म्हणा. तेच मातीचं मडकं, तेच ताणलेलं कातडं (पूर्वी घोरपडीचं, आता कायद्यामुळे बकऱ्याचं). देवळातही वाजतं, मांडोलाही.

भांडतो आपण लिपीवरून. 1987च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात जागा मिळाली, रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी, बाहेर राहिली. त्यावरून आमच्या फोंड्यात अजून लोक एकमेकांच्या अंगावर जातात. पण गायिका लॉर्नाचं कोकणी गाणं लागलं की हेच लोक मान डोलवतात. कानाला कुठे लिपी लागते?

एवढ्यावर 'संगीत माणसं जोडतं' म्हणून मोकळं व्हायला मात्र माझं मन धजत नाही. केरीच्या गायिका केसरबाईंचा भैरवीतला आवाज 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. कुर्डीच्या गायिका मोगूबाईंचं नाव आपण छाती फुगवून घेतो. पण देवळांत गाण्यानाचण्याची सेवा करणाऱ्या ज्या कलावंत समाजातून या दोघी आल्या, त्याला आपल्याच गावांनी कसं वागवलं? गाणं माजघरापर्यंत आलं, गाणारीला उंबऱ्याबाहेर ठेवलं. म्हणून नुसत्या ऐकणाऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. सोबत बसून वाजवावं लागतं, चुकावं लागतं, दुसऱ्याने सावरून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे थोडं काही हलतं.

परवा त्या पोराचा मेसेज आला. पुढच्या चवथीसाठी आरत्यांचे शब्द हवेत. मी टाइप करून पाठवले. त्याचं उत्तर, 'देवनागरी वाचतां, पूण अडखळत. रोमींत धाडशी?'

आमच्या घरात रोमीविरुद्ध किती भाषणं झालीत ते वाड्याला ठाऊक आहे. रात्री अकरापर्यंत बसून पाच आरत्या रोमीत उतरवल्या. बाबांना अजून सांगितलेलं नाही.