स्वस्तात क्षेपणास्त्र पाडायची इंदुरी कृती

परवा सकाळी पोहे-जिलबीच्या ठेल्यावर आमच्या कॉलनीतल्या एका सद्गृहस्थांनी जिरावण भुरभुरता भुरभुरता देशाचं हवाई संरक्षण निम्म्या पैशांत उभं करून दिलं. माझे पोहे गार झाले. ती विद्या वाया जाऊ नये, म्हणून सांगतो.

सुरुवात इस्रायलच्या 'आयर्न डोम' यंत्रणेपासून करा. ती जवळच्या रॉकेटांसाठी आहे, अंतराळाच्या उंबरठ्यावर जाऊन खाली कोसळणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी नाही, असं कुणी म्हणालंच तर आणखी शेव मागवा.

मग लेझर. लेझरवर संशोधन करणारी सरकारी संस्था 'कॅट' इंदुरातच आहे, म्हणजे झालंच! वातावरणात शिरतानाची भट्टी सोसायला जे कवच घालूनच येतं, त्याला खालून थोडा शेक द्यायचा. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा सुट्टी.

किमतीवर मात्र तोंड मोकळं सोडा. अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेचं एक पीएसी-३ हे पाडणारं क्षेपणास्त्र ४० लाख डॉलरच्या घरात, आणि एक पाडायला बहुधा दोन सोडतात. 'लूट है भिया!' पीथमपुरात टूलरूममध्ये जन्म गेलेला मी, मला राहवेना. म्हटलं, २००० किलोमीटरवरून सुटलेलं क्षेपणास्त्र उतरताना सेकंदाला ४ किलोमीटरच्या आसपास धावतं. आपल्या इंदुरातलं राजवाडा ते विजय नगर दोन सेकंदांत! त्याला समोरून गाठायचं तर लक्ष्य हेरणारा सीकर लागतो, लांबचं बघणारं रडार लागतं, शेवटच्या क्षणी आडवा झटका देणारी छोटी इंजिनं, म्हणजे थ्रस्टर लागतात. आणि हा माल शेकड्यांनी बनतो, पंख्यासारखा लाखांनी नाही. मग नग स्वस्त पडणार कसा? २००६च्या नोव्हेंबरात आपण पहिल्यांदा समोरून येणारं 'पृथ्वी' क्षेपणास्त्र हवेत पाडलं. ५००० किलोमीटर पल्ल्याची क्षेपणास्त्रं पाडायच्या आपल्या यंत्रणेच्या दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४च्या जुलैत झाली. अठरा वर्षं कशात गेली? अहो, दर चाचणीला पाडायलाही एक क्षेपणास्त्र उडवावं लागतं!

यावर सल्ला आला: 'मग चाचण्याच कमी करायच्या. डायरेक्ट बसवायचं.'

डायरेक्ट! माझ्या टूलरूममध्ये साधी डाय ट्रायलशिवाय प्रेसवर चढवली असती, तर फोरमननं मला गेटबाहेर काढलं असतं. आणि इथे खाली शहर आहे.

जवळजवळ फुकटचं संरक्षण हवंय ना? सायरन वाजला की दिवे बंद. ७ मे २०२५ला मॉक ड्रिलमध्ये १२ मिनिटं अंधार करायचा होता. तेव्हा हेच गृहस्थ घरातले सगळे दिवे तसेच ठेवून गच्चीवर रील काढत होते. मी खालून ओरडलो, तर वरून उत्तर: 'काका, एन्जॉय करो!'

लाज वाटत नाही? बारा मिनिटं एक बटण बंद ठेवता येत नाही, आणि सरहद्द स्वस्तात राखायच्या गोष्टी करता? आधी गच्चीवरून खाली उतरा.