काका, तो शून्य सोलरचा नव्हे

काका, नमस्कार.

झोपायची सोय केलेल्या माझ्या मारुती ईको गाडीच्या टपावरच्या सोलरबद्दलच्या लेखावर तुमची सणसणीत प्रतिक्रिया वाचली. 'चाळीस वर्षं तारा ओढलेला माणूस' अशी ओळख तुम्हीच करून दिलीत, तेव्हा दोन ओळींत आभार मानून सटकणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काका म्हणतात, ३३५ वॅटच्या पॅनेलमधून दिवसाला दीड युनिट ही शुद्ध थाप. पावसाळ्यात पॅनेल म्हणजे टपावरची शोभा, त्यापेक्षा गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करणारा) बरा. लिथियम बॅटरीऐवजी १५० एएचची (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती लेड-ॲसिड बॅटरी टाकली असती तर निम्म्या पैशांत भागलं असतं. पॅनेल आणि बॅटरीच्या मधे नऊशे रुपयांचा कंट्रोलर पुरतो, फ्रिजला सहा स्क्वेअरची (सहा चौरस मिलिमीटर जाडीची) वायर हा पैशाचा माज. आणि सगळ्यात शेवटी, भाच्याच्या गाडीत सोलरच्या वायरीला त्यांनी स्वतः क्लॅम्प मीटर (वायर न कापता तिच्याभोवती जबडा लावून अँपियर मोजणारा) लावला तर भर दुपारी शून्य अँपियर!

शून्याकडे शेवटी येतो. आधी दीड युनिट.

ती थाप नाही, पण अर्धीच गोष्ट आहे, आणि ती चूक माझी. तो आकडा मे महिन्यातला, पुण्यातला, मोकळ्या मैदानात गाडी लावून घेतलेला. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायाखाली. आडव्या पॅनेलला याहून चांगले दिवस नाहीत. बरं, पॅनेल तापलं की देणं कमी करतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. मेमध्ये टपावर आतले सेल सहज ६५ अंशांना जातात, म्हणजे चौदा ते सोळा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल टपाला चिकटवलं नाही, खाली चार बोटं हवा खेळती ठेवली. धूळ, वायर, कंट्रोलर सगळं वजा करूनही दीड युनिट निघालं. पण मी महिना लिहिला नाही. आज मूळ लेखात तो घातलाय, आणि शेजारी ऑगस्टचाही आकडा.

ऑगस्टचा आकडा कसा आला तेही सांगतो, कारण तिथे तुम्ही जवळजवळ बरोबर आहात. गेल्या ऑगस्टात ताम्हिणीत तीन रात्री मुक्काम होता. पाऊस असा की समोरचा डोंगर तीन दिवसांत दोनदा दिसला. कंट्रोलरवर पहिल्या दिवशी ३१० वॅट-अवर (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट), दुसऱ्या दिवशी २६०, तिसऱ्या दिवशी ढग जरा फाटले म्हणून ४२०. बेरीज ९९०. माझा पावसाळ्यातला खर्च रोजचा ६५०. त्यातले ३५० एकटा फ्रिज खातो. बाकी लॅपटॉप १५०, पंखा १००, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून ५०. तीन दिवसांचा खर्च १,९५० आणि जमा ९९०. उरलेले ९६० बॅटरीतून गेले. १,२८० वॅट-अवरची बॅटरी भरून निघालो होतो, तिसऱ्या रात्री ती २४ टक्क्यांवर होती. चौथा दिवस काढता आला नसता.

तर मग शोभाच, असं म्हणाल. पण ते ९९० जमा झाले नसते तर फ्रिज दुसऱ्याच रात्री बंद पडला असता. अल्टरनेटरचं म्हणाल तर तोही आहेच. अल्टरनेटरची वीज या बॅटरीत भरणारा २० अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावलाय, चालत्या गाडीत तो तासाला अडीचशे वॅट-अवर भरतो. पुण्याहून दापोलीला पोचेपर्यंत बॅटरी काठोकाठ. मात्र गाडी एका जागी तीन दिवस उभी ठेवायची म्हणूनच तर आपण तिच्यात झोपायची सोय करतो ना? तेव्हा इंजिन घुरघुरत ठेवून फ्रिज चालवायचा म्हणजे घर राखायला हत्ती. माझी खरी चूक वेगळी आहे. मी मेच्या उन्हावर हिशोब मांडला, ऑगस्टच्या ढगावर मांडायला हवा होता. आता कुणी विचारलं तर 'पॅनेल किती वॅटचं घेऊ' याला मी उत्तरच देत नाही. फ्रिज दिवसाला किती खातो ते आधी मोजून या म्हणतो.

(पॅनेल १८ अंश दक्षिणेकडे तिरपं का नाही, हा तुमचा प्रश्न गच्चीसाठी बिनतोड आहे. गाडीला दक्षिण कुठली? डिसेंबरात आडव्या पॅनेलला थोडा फटका बसतो, तो सोसतो.)

आता नऊशे रुपयांचा कंट्रोलर. तो मीही घेतला होता, तपकीर गल्लीतून. दुकानदार म्हणाला, "साहेब, डबीवर तीस अँपियर लिहिलंय, तुमचं पॅनेल तर नऊचं." खरंच होतं त्याचं. माझं पॅनेल पूर्ण उन्हात ३७.५ व्होल्टला ८.९ अँपियर देतं, गुणाकार ३३५ वॅट. पण तो पीडब्ल्यूएम जातीचा, आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे साधं स्विच. पॅनेलला तो ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. अँपियर तेच ८.९, व्होल्ट मात्र १३.४. गुणाकार ११९ वॅट. उरलेले दोनशे वॅट टपावरच राहिले. नंतर लावलेला एमपीपीटी जातीचा कंट्रोलर जास्तीचे व्होल्ट उतरवून त्यांचे अँपियर करतो, त्यामुळे त्याच उन्हात बॅटरीकडे २१-२२ अँपियर जायला लागले. बारा व्होल्टचं, ३६ सेलचं छोटं पॅनेल असतं तर तुमचं नऊशेचं मत मी मान्य केलं असतं. घराच्या गच्चीवरचं ७२ सेलचं पॅनेल गाडीवर चढवलं की नाही.

ट्युब्युलर बॅटरीवर मात्र मी एक इंचही हलणार नाही. घरी जिन्याखाली ठेवायला तिच्यासारखी बॅटरी नाही, माझ्या आईकडे तीच आहे. पण १५० एएच म्हणजे कागदावर १,८०० वॅट-अवर, आणि तिला टिकवायचं तर निम्मे वापरायचे, म्हणजे ९००. माझी १०० एएचची लिथियम फॉस्फेट हजाराच्या वर बिनधास्त देते. वजन तुमच्या बॅटरीचं पंचावन्न-साठ किलो, माझ्या बॅटरीचं तेरा. लेड-ॲसिड शेवटचे वीस टक्के भरायला तासन् तास घेते, पावसाळ्यातलं ऊन तेवढं थांबत नाही. मग ती रोज अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. हेही सगळं एक वेळ सोडा. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ईकोत माझ्या उशीपासून बॅटरी हातभर लांब असते आणि पावसात काचा बंद. वरंधा घाटातल्या वळणांवर ॲसिडचं काय होईल ते तुम्हीच सांगा. पैसे जास्त गेले हे कबूल: माझी २८ हजारांना पडली, तुमची पंधरात आली असती. (ईकोवाल्यांसाठी जाता जाता: इंजिन पुढच्या सीटखाली आहे, तेव्हा बॅटरी मागे ठेवा. उष्णता लिथियमलाही सोसत नाही.)

वायरीबद्दल तुमच्यासमोर बोलणं म्हणजे आगाऊपणाच, पण तुमची चाळीस वर्षं २३० व्होल्टची आहेत. पहिल्यांदा मीही दीड स्क्वेअरच टाकली होती. बॅटरी ते फ्रिज साडेतीन मीटर, जाऊन-येऊन सात. पाच अँपियरला वाटेत जवळपास ०.४ व्होल्ट पडतात. २३० मधून ०.४ गेले तर कुणाला पत्ता लागत नाही, बारातून गेले की कंप्रेसरला कळतं. त्यात फ्रिज सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेला. हर्णैच्या लिलावातून सुरमई घेऊन निघालो होतो, रात्री तीनला टक्-टक् आवाजानं जाग आली. कंप्रेसर सुरू व्हायला बघायचा, त्या झटक्यात व्होल्टेज कोसळायचं, फ्रिज स्वतःला बंद करायचा, मिनिटाभरानं पुन्हा टक्. बॅटरी अर्धी भरलेली! सॉकेटला हात लावला तर इस्त्रीसारखं गरम. सकाळपर्यंत सुरमई गेली, आणि गाडीला तो वास दोन आठवडे होता. सहा स्क्वेअरनं पडझड ०.१ व्होल्टवर आली, सॉकेटही काढून टाकलं. जास्तीची वायर त्या सुरमईपेक्षा स्वस्त होती.

इंडक्शन चालत नाही म्हणून टोमणा मारलात, तो मान्य. दोन हजार वॅट म्हणजे इन्व्हर्टरचा तोटा धरून बॅटरीतून पावणेदोनशे अँपियर, माझी बॅटरी शंभरच्या पुढे देत नाही. चहा गॅसवर. काकूंच्या चटणीला मिक्सर मात्र खुशाल चालेल, साडेसातशे वॅट तीन मिनिटं म्हणजे साधारण चाळीस वॅट-अवर.

आता तो शून्य. काका, तुमचा क्लॅम्प मीटर बहुधा नोकरीतलाच असेल. त्याच्या अँपियरच्या खुणेशेजारी फक्त नागमोडी रेघ आहे का बघा. असेल तर तो एसीच, म्हणजे घरातली सतत दिशा बदलणारी वीजच मोजतो. त्याच्या जबड्यात ट्रान्सफॉर्मर असतो, आणि ट्रान्सफॉर्मरला डीसी, म्हणजे पॅनेल-बॅटरीची एकाच दिशेनं वाहणारी वीज, दिसत नाही. पॅनेलच्या वायरीतून नऊ अँपियर जात असले तरी तो शून्यच दाखवणार. डीसीसाठी सरळ रेघेची खूणही असलेला, हॉल सेन्सरचा (वायरीभोवतीचं चुंबकक्षेत्र ओळखणारा) क्लॅम्प लागतो, तो माझ्याकडे आहे. भाच्याला अजून काही बोलला नसाल तर येत्या रविवारी त्याची गाडी घेऊन या, आधी दोन्ही मीटर एकाच वायरीला लावू.