कुत्र्याला मालक हवा, आजीला रस्ता

सोलापूरच्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 2025 च्या ऑगस्टपासून दोन तट पडलेत. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यातच ठेवायला सांगितलं. 22 ऑगस्टला मोठ्या पीठानं ते बदललं: नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि चावरी तेवढी ठेवून घ्या. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवा, परत तिथं सोडू नका, असा आदेश आला. दादा म्हणतो, सगळीच उचला. भाची म्हणते, मुक्या जनावरानं जायचं कुठं? मग कुणीतरी मला मधे ओढतं, "तुमच्या जर्मनीत बघा, एक तरी कुत्रं रस्त्यावर दिसतं का?"

दिसतं की, रोज दिसतं. गळ्यात पट्टा असतो आणि दोरी कुणाच्या तरी हातात असते. आमच्याकडं आई आली होती तेव्हा ती दोरी बहुतेक वेळा तिच्याच हातात असायची.

आई सत्तरीच्या पुढची. माहेर बार्शी, सासर सोलापूर. 90 दिवसांच्या व्हिसावर हॅनोव्हरला आली आणि नातवंडं, आमची कुत्री, असा लवाजमा घेऊन हार्त्झच्या डोंगरात फिरली. कुत्रीचा रंग भाजक्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस, म्हणून नाव शेंगा. (इथले शेजारी तिला 'शेन्गाऽ' अशी हाक मारतात, ती तरी बिचारी जाते.) फोटो ग्रुपवर पडले तसे सोलापुरातून फोन सुरू झाले, "या वयात कशाला वो डोंगर?"

मला याची गंमत वाटते. सोलापूरच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांना पायी प्रदक्षिणा घालणारी बाई आमच्याकडं सत्तरीतही पुण्यवान ठरते. गड्ड्याच्या, म्हणजे त्यांच्या जत्रेच्या दिवसांत मिरवणुकीत नंदीध्वजांमागं अनवाणी चालली तर तिच्या पाया पडतात. तीच बाई नातवाबरोबर जंगलात चालली की तिचे गुडघे एकदम सगळ्या गावाच्या काळजीचा विषय होतात. देवासाठी चाललं तर चालतं, मजेसाठी नाही.

हार्त्झमध्ये 222 ठिकाणी शिक्क्याच्या पेट्या आहेत. कुठं कड्यावर, कुठं झोपडीशेजारी. वही न्यायची, शिक्का मारायचा. आठ झाले की कांस्यपदक, सोळाला रौप्य, चोवीसला सुवर्ण. आईनं ही वही पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. पेटीचं झाकण उचलायची, शाईचं पॅड सुकलेलं असलं तर शिक्क्यावर तोंडानं वाफ द्यायची, मग तळहाताचा सगळा भार देऊन दाबायची. बँकेत अंगठा उठवायला आलेल्या माणसासारखी गंभीर. तोवर शेंगा तिच्या पायाशी बसून राहायची, कारण वही बंद झाली की पिशवीतून दशमीचा तुकडा निघतो हे तिनं ओळखलं होतं. 1141 मीटरच्या ब्रोकेन शिखरावर मात्र आईनं चढायचं नाव काढलं नाही. वर वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी जाते. ती बघून म्हणाली, "ही तर आमची बार्शी लाइट!" (तिच्या माहेरची जुनी छोटी रेल्वे) आणि खिडकीजवळची जागा धरली.

ही मौज मी जर्मन लोकांच्या भूतदयेच्या खात्यात टाकत नाही. आम्ही राहतो त्या लोअर सॅक्सनी राज्यात कुत्रं घ्यायचं तर आधी लेखी परीक्षा, पुढं वर्षभरात प्रात्यक्षिक. कुत्र्याच्या कातडीखाली चिप, सरकारी नोंदणी, कुणाला चावलं तर भरपाईसाठी विमा, वर शहराचा कुत्राकर. दूरच्या गाडीत मोठ्या कुत्र्याला अर्धं तिकीट आणि तोंडाला जाळी. आपल्या रेल्वेत फर्स्ट एसीचं अख्खं कूपे घ्या, नाहीतर कुत्रं गार्डच्या डब्यातल्या पेटीत. रेबीजचं तर पुढचंच. इथं तो कोल्ह्यांतून पसरायचा, म्हणून 1983 पासून लस घातलेलं आमिष जंगलात टाकायला लागले, पुढं विमानातूनसुद्धा. 2008 पासून देश कोल्ह्या-कुत्र्यांच्या रेबीजमधून मुक्त आहे. जंगलातल्या कोल्ह्यापर्यंत लस पोचवली, तेव्हा कुठं आजी बिनघोर फिरते.

हीच आजी सोलापुरात कंबर तलावावर काठी घेतल्याशिवाय जात नाही. पुढच्या गल्लीतली टोळी अंगावर येते म्हणून सकाळी सातच्या आत बाहेर पडत नाही. आणि आमच्या गल्लीतल्या खोंडासारख्या वाढलेल्या काळ्याला रोज शिळी भाकरीही तीच घालते. म्हणजे दादा आणि भाची, दोघांचंही म्हणणं एकाच बाईत नांदतंय. तिला कुत्र्यांची भीती नाही, ज्याच्याबद्दल जाब विचारायला कुणी नाही अशा कुत्र्याची आहे. पण काळ्याचंही तसंच. तो चावला तर लस टोचली होती का, हे भाकरी घालणाऱ्या आईलाही सांगता येणार नाही.

म्हणून 'सगळी उचला' मला पटत नाही. उचलून ठेवणार कुठं, आणि रिकाम्या गल्लीत बाहेरची नवी टोळी येणारच. 'राहू द्या बिचारी' हेही तितकंच अर्धवट. नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य 1979 पासूनचं, सोलापूरपासून हाकेच्या अंतरावर. माळढोक मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. तिथं मोकाट कुत्र्यांची टोळी फिरली तर दया नेमकी कुणावर करायची? इकडं लोअर सॅक्सनीत 1 एप्रिल ते 15 जुलै, पाखरं-हरणांच्या विणीच्या काळात, रानात कुत्र्याची दोरी सोडायला बंदी आहे. शेंगा तेव्हा फार रुसते. रुसू दे.

इथलंही सगळं गोड नाही. कुत्र्याला दिवसातून दोनदा, मिळून तासभर तरी बाहेर न्या, असा नियम 2022 पासून आहे. आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना मात्र कुणी बाहेर नेत नाही. दिवसभरात त्या बोलतात त्या त्यांच्या कुत्र्याशीच. सोलापुरात आई दाराबाहेर पडली की पन्नास पावलांत दोघी तरी विचारतात, "कुठं निघालाव काकू?" ती चौकशी तिला हॅनोव्हरच्या रुंद, स्वच्छ फूटपाथवर कधी मिळाली नाही, आणि त्याची कुरकूर तिनं शेवटपर्यंत केली.

दादाला हे पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, "परीक्षा, विमा, चिप... इथं आधी फूटपाथ दाखव." बरोबर आहे, मग तोच मागू. तलावाला सलग चालायची वाट, बसायला बाक, बायकांसाठी उघडं असणारं स्वच्छतागृह. आणि नगरसेवक दारात आला की एवढंच विचारायचं: आपल्या प्रभागात यंदा किती कुत्र्यांना लस टोचली, किती नसबंद्या झाल्या, गल्लीवार यादी कुठं लावली आहे? काळ्याचं नाव त्यात आहे का, ते आई स्वतः बघून घेईल.