हर्शीच्या दिव्यांखाली

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तेच रडगाणं सुरू होतं: मराठी माणसाने उभा केलेला ब्रँड शेवटी परक्याच्या हाती गेलाच. पहिलं नाव निघतं कॅम्लिनचं. १९३१ साली दांडेकरांनी शाईपासून सुरुवात केली आणि २०११ साली कंपनी जपानच्या कोकुयोकडे गेली. मग ठरलेले दोन तट. एकाचं म्हणणं, पुढच्या पिढीत धमक राहिली नाही. दुसऱ्याचं, भाव चांगला आला, तुमच्या पोटात का दुखतंय? आणि कुणीतरी मला डिवचतंच, 'तुमच्या अमेरिकेत बघा, शंभर-शंभर वर्षं टिकवतात!'

मी पेन्सिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत हर्शी गाव येतं, हर्शी चॉकलेट कंपनीचं गाव. मुख्य रस्त्याचं नाव चॉकलेट अ‍ॅव्हेन्यू, आणि रस्त्यावरचे दिवे 'किसेस' या हर्शीच्या थेंबासारख्या छोट्या चॉकलेटांच्या आकाराचे. काही चंदेरी कागदात गुंडाळल्यासारखे, काही उघडे. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा त्यांच्याखाली फोटो काढतो. (चॉकलेट मात्र आमच्या आत्याने एकदा चाखून बाजूला ठेवलं. 'आंबट का लागतंय रे? नासलंय का?' नासलेलं नव्हतं, हर्शीची चवच तशी.)

कंपनी काढणारा मिल्टन हर्शी जेमतेम चौथीपर्यंत शिकलेला. फिलाडेल्फियात मिठाईचा धंदा बुडवला, न्यूयॉर्कमध्ये पुन्हा बुडवला. लँकेस्टरला कॅरॅमलमध्ये जम बसला, तर १९०० साली तो कारखाना १० लाख डॉलरला विकून गडी चॉकलेटच्या मागे लागला. दूध हवं म्हणून जन्मगावाजवळच्या शेतांत नवा कारखाना बांधला, भोवती गाव वसवलं. मूलबाळ नव्हतं. १९०९ साली नवरा-बायकोने अनाथ मुलांसाठी शाळा काढली, आणि बायको गेल्यावर १९१८ साली त्याने कंपनीचे शेअर त्या शाळेच्या ट्रस्टच्या नावे करून टाकले.

विक्रीची वेळ इथेही आली. २००२ साली त्याच ट्रस्टने कंपनी बाजारात काढली. कारण अगदीच वेडगळ नव्हतं: शाळेचा निम्म्याहून जास्त पैसा एकाच शेअरमध्ये अडकला होता. च्युइंगगमवाल्या रिग्लीने साडेबारा अब्ज डॉलर देऊ केले. गाव खवळलं. कामगार, निवृत्त लोक, शाळेचे माजी विद्यार्थी रस्त्यावर आले, अंगणाअंगणात विक्रीविरोधी पाट्या लागल्या. पण नुसत्या पाट्यांनी काही होत नसतं. ट्रस्ट धर्मादाय होता, म्हणून राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, कोर्टात जाऊ शकले, आणि कोर्टाने विक्रीला मनाई केली. सप्टेंबरमध्ये विश्वस्तांनी १० विरुद्ध ७ मतांनी प्रस्ताव फेटाळला.

ग्रुपवर मला हेच सांगायचं असतं आणि टायपायचा कंटाळा येतो. हर्शी अमेरिकन माणसाच्या अस्मितेने वाचली नाही. अस्मितेवर भागलं असतं तर २००८ साली बडवायझर बिअरची कंपनी बेल्जियमच्या कंपनीकडे गेली नसती; तेव्हाही तिच्या गावात, सेंट लुईसमध्ये, ओरडा झालाच होता. हर्शीत मात्र विक्री अडवायला कोर्टात जायचा हक्क कायद्याने कुणालातरी होता. आपल्याकडे शेअर घराण्याकडे असतात, ते विकायचा हक्कही घराण्याचाच. मग तावातावाने भांडणारे आपण कोण? लहानपणी त्या कंपनीचं कंपास घेतलेली गिऱ्हाइकं. तिथल्या कामगारांचं काय झालं, हे आमच्या ग्रुपवर आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि हर्शी म्हणजे रामराज्य, असंही कुणी समजू नये. ट्रस्टच्या मूळ कागदात शाळा फक्त गोऱ्या मुलग्यांसाठी होती. १९३७ साली संप करून कारखान्यात बसलेल्या कामगारांना दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांनी आत घुसून बदडून काढलं. मालकी गावातच राहिली, तरी २००७ साली कंपनीने १,५०० नोकऱ्या कमी करायचं आणि मेक्सिकोत मॉन्तेरेला कारखाना काढायचं जाहीर केलं. चॉकलेट अ‍ॅव्हेन्यूवरचा मूळ कारखाना २०१२ साली बंद झाला. गावाबाहेरच्या कारखान्यात चॉकलेट बनतं अजून. माझ्या ऑफिसातला एक सहकारी हर्शी गावचाच. त्याच्या वडिलांनी २००२ सालची अंगणातली पाटी अजून गॅरेजमध्ये ठेवली आहे, बर्फ ओढायच्या फावड्यामागे.